वर्ल्ड विंग्स: पॅन ॲमच्या माजी हवाई सुंदरींची संस्था (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पॅन ॲम हे नाव आपल्याकडे बहुतेकांना नीरजा भानोतमुळे माहीत असतं. कंपनी 1991 मध्ये बुडाली, पण तिच्या विमानांत काम केलेल्या लोकांनी काढलेली एक संस्था त्यानंतरही चालू राहिली. तिच्याबद्दल आणि तिच्यासारख्या इतर संस्थांबद्दल जे प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वर्ल्ड विंग्स म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव वर्ल्ड विंग्स इंटरनॅशनल. पॅन अमेरिकन वर्ल्ड एअरवेज, म्हणजेच पॅन ॲम, या अमेरिकन कंपनीत केबिन क्रू म्हणून काम केलेल्यांची ही संस्था. स्थापना 1959 ची. जुन्या सहकाऱ्यांची गाठभेट आणि दानधर्म, अशी दोन कामं ती पहिल्यापासून बरोबरीनं करत आली आहे. अमेरिकेत ठिकठिकाणी शाखा आहेत, हवाईत आहे, लंडनमध्ये आहे. सगळ्या शाखा मिळून केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेला निधी देतात. शिवाय प्रत्येक शाखा आपल्या गावातलं एखादं काम उचलते. वर्षातून एकदा सगळ्यांचं अधिवेशन भरतं.

म्हणजे थोडक्यात भिशी मंडळच ना?

दिसायला तसंच. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी किंवा हॉटेलात जेवण, वर्गणी, गप्पा, जुने फोटो. फरक इतकाच की भिशीचा पैसा फिरून आपल्याच घरात येतो आणि हा बाहेर जातो. पण गप्पांचा भाग हलका समजू नये. निव्वळ दानासाठी निघालेल्या कितीतरी संस्था पाच-दहा वर्षांत थंडावतात. ही टिकली, कारण या बायकांना एकमेकींना भेटायचंच होतं. भेटतोच आहोत तर काहीतरी करू, हे ओघानं आलं.

1959 सालीच इतक्या माजी हवाई सुंदरी आल्या कुठून? तेव्हा तर जेट विमानं नुकती सुरू झाली होती.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बाकी सगळं याच्या उत्तरातून निघतं.

अमेरिकेतली पहिली हवाई सुंदरी एलन चर्च. ही आयोवा राज्यातली नर्स. तिला खरं तर वैमानिक व्हायचं होतं, पण ते दार बंद होतं. तिनं कंपनीलाच पटवलं की विमानात नर्स असली तर घाबरलेल्या प्रवाशांना धीर येईल. 15 मे 1930 रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे पुढच्या युनायटेड एअरलाइन्सच्या, विमानातून ती पहिल्यांदा कामावर गेली. तिच्याबरोबर आणखी सात जणी घेतल्या होत्या. सगळ्या नर्स आणि सगळ्या अविवाहित.

पुढे नर्स असण्याची अट गेली, अविवाहित असण्याची राहिली. अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या कंपन्यांत लग्न झालं की राजीनामा. काही कंपन्यांत त्यावर वयाचीही मर्यादा: अमेरिकन एअरलाइन्सनं 1953 मध्ये नव्यानं घेतलेल्या मुलींना 32 व्या वर्षी विमानातून उतरवण्याचा नियम केला. वजनाचा काटा तर सगळीकडेच. पॅन ॲमला भरतीसाठी 21 ते 27 वयाची, सव्वापाच ते पावणेसहा फूट उंचीची, शिकलेली आणि इंग्रजीशिवाय आणखी एखादी भाषा येणारी मुलगी हवी असायची.

आता हिशेब करा. बाविसाव्या वर्षी नोकरी, पंचविसाव्या वर्षी लग्न, दुसऱ्या दिवशी नोकरी खलास. सरासरी सेवा दोन-तीन वर्षांच्या पुढे जात नसे. कंपन्यांनाही हे सोयीचंच होतं: पगारवाढ द्यायची वेळ येण्याआधीच माणूस बदलतं आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे 1950 च्या दशकाअखेर अमेरिकेच्या शहराशहरांत अशा हजारो बायका होत्या, ज्यांनी जग पाहिलं होतं, परक्या भाषा बोलत होत्या, आणीबाणीत शंभर माणसं सांभाळायचं शिक्षण घेतलं होतं, आणि ज्या तिशीच्या आत घरी बसल्या होत्या. वर्ल्ड विंग्ससारख्या संस्था त्यातूनच निघाल्या. या बायकांच्या सेवाभावाचं कौतुक जरूर व्हावं, पण या कर्तबगार बायकांना रिकामं कुणी बसवलं हेही त्याच दमात सांगायला हवं.

अशी ही पहिलीच संस्था का?

नाही. युनायटेडच्या माजी हवाई सुंदरींनी 1941 मध्येच शिकागोत ‘क्लिप्ड विंग्स’ स्थापन केली होती, म्हणजे छाटलेले पंख. टीडब्ल्यूए या दुसऱ्या अमेरिकन विमान कंपनीच्या बायकांनीही आपल्या संस्थेला हेच नाव दिलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या बायकांनी ‘किवी क्लब’ काढला. किवी हा न उडणारा पक्षी. नावांतला टोमणा कुणाला, हे कळायला फार अक्कल लागत नाही. याही संस्थांनी दानधर्माचं काम केलं.

लग्न केलं म्हणून काढणं कायद्याला कसं चालत होतं?

1964 पर्यंत याविरुद्ध देशभर लागू होणारा कायदाच नव्हता. त्या वर्षी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला आणि त्याच्या सातव्या प्रकरणानं नोकरीत लिंगभेद करायला बंदी घातली. त्याच्या अंमलबजावणीसाठी 1965 च्या जुलैत समान रोजगार संधी आयोगाचं कार्यालय उघडलं, तेव्हा तक्रार घेऊन सगळ्यात आधी जे लोक दारात उभे होते त्यांत हवाई सुंदरी होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: विवाहित पुरुष पर्सर (केबिन क्रूचा प्रमुख) चालतो, विवाहित वैमानिक चालतो, मग आम्हीच का नको?

1960 चं दशक संपेपर्यंत आयोगाचे निर्णय आणि युनियनचे करार यांनी मिळून ही अट बहुतेक कंपन्यांतून घालवली. युनायटेडनं लग्न केलं म्हणून काढलेली मेरी स्प्रोगिस कोर्टात गेली आणि 1971 मध्ये जिंकली. त्याच वर्षी पॅन ॲमविरुद्धचाही एक गाजलेला निकाल लागला, पण तो उलट्या बाजूनं. सेलिओ डियाझ नावाच्या पुरुषाला केबिन क्रूमध्ये नोकरी हवी होती आणि पॅन ॲम पुरुष घ्यायला तयार नव्हती. घाबरलेल्या प्रवाशाला धीर द्यायला बाईच लागते, हे सिद्ध करायला कंपनीनं एरिक बर्न या नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञाची साक्ष काढली. वरच्या कोर्टानं सांगितलं की विमान कंपनीचं मुख्य काम प्रवाशाला सुखरूप पोचवणं हे आहे, प्रसन्न वातावरण ही पुढची गोष्ट, आणि त्यासाठी अख्ख्या पुरुषवर्गाला दार बंद करता येत नाही.

गंमत अशी की पॅन ॲमच्या विमानांत सुरुवातीला फक्त पुरुषच असायचे. कंपनी 1927 ची. बायकांची पहिली भरती थेट 1944 मध्ये.

मग पुरुषांनाही संस्थेत जागा आहे?

संस्था स्वतःला माजी फ्लाइट अटेंडंट्सची म्हणवते, बायकांची नाही. अर्थात इतिहासामुळे भरणा बायकांचाच.

पॅन ॲमवाल्यांत एवढं वेगळं काय होतं?

देशांतर्गत कंपनीतली मुलगी शिकागोहून डेन्व्हरला जाऊन परत यायची. पॅन ॲमचा धंदाच परदेशी. 17 जून 1947 रोजी कंपनीचं पहिलं नियमित जगप्रदक्षिणा विमान न्यूयॉर्कहून निघालं आणि लंडन, इस्तंबूल, कराची, कलकत्ता, बँकॉक करत पुढे गेलं. भारत स्वतंत्र व्हायला तेव्हा दोन महिने बाकी होते. अशा फेऱ्यांमध्ये वाटेतल्या शहरात मुक्काम पडत. कंपनीनं नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, जपान अशा देशांतल्या किंवा तिथली भाषा येणाऱ्या मुलीही मोठ्या संख्येनं घेतल्या. वर्ल्ड विंग्सच्या शाखा अमेरिकेबाहेर का आहेत, त्याचं उत्तर यात सापडेल.

काम मात्र दिसायला होतं तेवढं झगमगाटी नव्हतं. 707 विमानाच्या फर्स्ट क्लासमध्ये पॅरिसच्या मॅक्सिम्स रेस्टॉरंटच्या नावाचं जेवण असे. भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा ट्रॉलीवर ठेवून तो प्रवाशाच्या पुढ्यात, हव्या त्या जाडीचा कापून द्यायचा. खाली अटलांटिक, विमान हलतंय, पायांत टाचेचे बूट, हातात लांब सुरी. हे ज्यांना जमलं त्यांना शंभर माणसांच्या निधिसंकलनाच्या जेवणाची व्यवस्था म्हणजे काहीच नाही.

आणि काही कामं अशी होती की ती करून आलेली माणसं आयुष्यभर विसरत नाहीत. 1975 च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाम युद्धात सायगाव, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची राजधानी, पडायच्या बेतात असताना अमेरिकेनं अनाथ मुलांना बाहेर काढायची मोहीम काढली, ऑपरेशन बेबीलिफ्ट. 4 एप्रिलला पहिलंच लष्करी विमान उड्डाणानंतर कोसळलं आणि मुलं, सोबतची माणसं मिळून शंभराहून अधिक दगावली. दुसऱ्या दिवशी पॅन ॲमचं भाड्यानं घेतलेलं 747 सायगावला उतरलं. आदल्या दिवशीचा अपघात माहीत असूनही केबिन क्रू गेला. शेकडो मुलं, त्यात निम्म्याहून जास्त तान्ही. तान्ह्यांसाठी सीटबेल्ट कसला? पाळण्यासारखी खोकी सीटखाली सरकवली. अनेक मुलांना ताप होता, जुलाब होत होते, आणि बाटल्या भरणारे हात मोजकेच होते. या फेरीवर गेलेल्यांपैकी कित्येकजणी पुढे त्या मुलांना, म्हणजे आता मोठ्या झालेल्या माणसांना, भेटल्या आहेत.

दान द्यायला केअरच का निवडली?

 केअरची स्थापना 1945 ची, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं असताना, युरोपातल्या उपाशी लोकांना अन्नाची पाकिटं पाठवायला. अमेरिकेतल्या माणसानं 10 डॉलर भरायचे आणि युरोपात कुणाच्या तरी दारात खोका पोचायचा. सुरुवातीचे खोके म्हणजे सैन्याचा उरलेला शिधा होता. पहिली खेप 1946 च्या मे महिन्यात फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. पुढे केअर आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत पसरली आणि अन्नवाटपावरून माताआरोग्य, मुलींचं शिक्षण, पाणी अशा कामांकडे वळली.

आपल्याकडेही केअर नवी नाही. 1950 पासून ती भारतात आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अनेक राज्यांच्या शाळांमध्ये मुलांना जो खाऊ मिळायचा, दूध पावडर, बल्गर (उकडून भरडलेला गहू), तेल, तो केअरमार्फत यायचा. घरातल्या सत्तरीच्या माणसाला ‘केअरचं दूध’ म्हणून विचारून बघा.

पॅन ॲमच्या बायकांना ही संस्था जवळची वाटणं साहजिक होतं. केअर ज्या गावांत काम करत होती, त्यातली बरीच यांनी विमानतळ ते हॉटेल या रस्त्यावरच्या काचेतून पाहिलेली.

पैसे कसे उभे करतात?

वार्षिक वर्गणी, दुपारची जेवणं, लिलाव, लकी ड्रॉ, जुन्या पॅन ॲम वस्तूंची विक्री. निळ्या गोळ्याचं चिन्ह असलेली कंपनीची बॅग आजही हातोहात खपते. नवल काही नाही, कुठलीही महिला संस्था असंच करते.

नीरजा भानोत या संस्थेची सदस्य होती का?

नाही. ती माजी झालीच नाही.

5 सप्टेंबर 1986 रोजी पॅन ॲमचं 73 क्रमांकाचं विमान मुंबईहून निघून पहाटे कराचीत उतरलं. पुढे फ्रँकफर्ट, मग न्यूयॉर्क. विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचा वेश केलेले चार बंदूकधारी आत घुसले. केबिन क्रूनं कॉकपिटला इशारा दिला आणि वैमानिक वरच्या खिडकीतून निसटले, त्यामुळे विमान जमिनीवरच राहिलं. त्यानंतरचे जवळजवळ 17 तास विमानात सगळ्यात वरिष्ठ होती ती सीनियर पर्सर नीरजा, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेली मुंबईची मुलगी. अतिरेकी अमेरिकन प्रवासी शोधत होते. पासपोर्ट गोळा करा म्हणाले, तेव्हा क्रूनं अमेरिकन पासपोर्ट सीटखाली आणि जिथे जमेल तिथे दडवले. रात्री दिवे गेले, गोळीबार सुरू झाला, नीरजानं आणि इतरांनी दारं उघडून प्रवाशांना बाहेर काढलं. मुलांना वाचवताना तिला गोळ्या लागल्या. त्या विमानात बाकीचा केबिन क्रूही बहुतेक भारतीय, मुंबईत भरती झालेला, विशी-बाविशीचा होता. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, ही रुखरुख लागते.

नीरजाला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तिच्या आईवडिलांनी विम्याच्या पैशातून आणि पॅन ॲमनं घातलेल्या रकमेतून नीरजा भानोत पॅन ॲम ट्रस्ट काढला. हा ट्रस्ट वेगळा, वर्ल्ड विंग्स वेगळी. दोन्हींची गल्लत करू नये. ट्रस्टचे पुरस्कार दोन: एक कर्तव्यापलीकडे जाऊन काम करणाऱ्या विमान कर्मचाऱ्याला, दुसरा सामाजिक अन्यायाला धैर्यानं तोंड देऊन तशाच इतर बायकांना हात देणाऱ्या भारतीय स्त्रीला. दुसरा पुरस्कार का, हे नीरजाच्या आयुष्यात आहे. तिचं स्वतःचं लग्न हुंड्याच्या त्रासापायी दोन महिन्यांत मोडलं होतं. घाटकोपर पूर्वेला तिच्या नावाचा चौक आहे.

कंपनी बुडाली तेव्हा संस्थेचं काय झालं?

पॅन ॲम एका दिवसात बुडाली नाही. 1985 मध्ये तिनं पॅसिफिकचे सगळे मार्ग युनायटेडला 75 कोटी डॉलरला विकले आणि मार्गांबरोबर केबिन क्रूतली माणसंही तिकडे गेली. 21 डिसेंबर 1988 रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर 103 क्रमांकाच्या विमानात बॉम्बस्फोट झाला: विमानातले 259 आणि जमिनीवरचे 11 जण गेले. 1991 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज, आणि 4 डिसेंबर 1991 ला काम बंद. शेवटचं विमान बार्बाडोसहून मायामीला आलं.

त्या दिवशी वर्ल्ड विंग्सची व्याख्याच बदलली. तोवर ‘माजी’ म्हणजे लग्न, मूल किंवा निवृत्तीमुळे बाहेर पडलेल्या. आता एका झटक्यात सगळेच माजी. पण नवं माणूस यायचा रस्ताही त्याच दिवशी बंद झाला. 1991 मध्ये एकविशीत असलेली सगळ्यात लहान मुलगी आज पन्नाशी ओलांडून पुढे गेली आहे, साठच्या दशकातल्या ऐंशीच्या घरात आहेत. संस्था चालवणाऱ्यांना हे माहीत आहे आणि जमवलेली कागदपत्रं, गणवेश, आठवणी संग्रहालयांकडे सोपवायचं काम म्हणूनच महत्त्वाचं झालं आहे.

आपल्याकडे लग्नाची ही अट नव्हती का?

होती की, आणि अमेरिकेतली गेल्यावरही राहिली. एअर इंडियाच्या नियमांत हवाई सुंदरीनं 35 व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेल्यावर, यांतलं जे आधी होईल तेव्हा नोकरी सोडायची होती. त्याच विमानातला पुरुष सहकारी 58 पर्यंत. नर्गेश मिर्झा आणि इतरांनी याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1981 च्या ऑगस्टमध्ये आला. गरोदरपणाची अट न्यायालयानं मनमानी ठरवून उडवली. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र ठेवली, वर कुटुंबनियोजनालाही ती पोषक आहे असं म्हटलं. पस्तिशीची मर्यादाही राहिली. ती वाढवायची की नाही हे एकट्या व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारं कलम गेलं. आज तो निकाल वाचताना कपाळावर आठ्या येतात. पण भारतात नोकरीतल्या लिंगभेदाबद्दल बोलायचं तर सुरुवात तिथूनच होते, आणि ही लढाई लढलेल्या बायका मुंबईत नोकरी करणाऱ्या होत्या हेही लक्षात असू द्यावं.

आम्ही काहीजणी पूर्वी केबिन क्रूमध्ये होतो. महाराष्ट्रात अशी संस्था काढायची तर?

संस्था नोंदणी कायदा 1860 खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते, आणि हे काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयात होतं. घटना आणि नियमावली नीट लिहून घ्या, विशेषतः सभासद कोण होऊ शकतं आणि संस्था विसर्जित झाली तर शिल्लक कुठे जाईल हे. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडे संस्थेच्या करमाफीची आणि देणग्यांवरच्या सवलतीची (1961 च्या आयकर कायद्यातली 12 एबी आणि 80 जी ही कलमं) अशा दोन्ही नोंदणी कराव्या लागतात. परदेशातल्या जुन्या सहकाऱ्यांकडून पैसे घेताना विशेष जपा: ते परदेशी नागरिक झाले असतील तर परदेशी योगदान नियमन कायद्याची परवानगी लागते, आणि ती सहजी मिळत नाही. यात एखाद्या सीएला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या.

पॅन ॲमच्या या बायकांच्या वस्तू कुठे पाहायला मिळतील?

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर गार्डन सिटीला क्रेडल ऑफ एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे पॅन ॲम संग्रहालय आहे. गणवेश, क्रॉकरी, बॅगा, सगळं. एडिथ हेड या हॉलिवूडच्या वेशभूषाकारानं केलेला गणवेश बघायचा असेल तर सत्तरच्या दशकातला शोधा. कंपनीचं दप्तर, म्हणजे पत्रव्यवहार, जाहिराती, कर्मचाऱ्यांची नियतकालिकं, मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्यातला बराच भाग घरबसल्या ऑनलाइन वाचता येतो. सॅन फ्रान्सिस्कोहून विमान बदलायचं असेल आणि हाताशी दोन-तीन तास असतील, तर विमानतळावरच एसएफओ म्युझियम आहे. त्यांच्या संग्रहातही पॅन ॲमचं पुष्कळ आहे, पण प्रदर्शनं बदलत असतात, तेव्हा आधी बघून जा.